शस्त्रादिहत

भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या रकान्यात पंचांगकर्ते एक शब्द छापतात : 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध'. देवणीच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर पंचांग खिळ्याला टांगलेले असे. लहानपणी आम्ही हा शब्द अडखळत वाचत असू आणि त्याचा अर्थ धाकट्या आजीला विचारत असू. ती म्हणे, "हत्यारानं मेलेल्यांची तिथ हाय ती, लेकरा. ह्यांची." 'हे' म्हणजे आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले आणि परत आले नाहीत. त्यांची राख आली नाही, अस्थी आल्या नाहीत. कोणत्या दिवशी पान मांडावे हे ठरेना, तेव्हा गावच्या जोश्यांनी ही चतुर्दशी सुचवली. पुढे पन्नासहून अधिक वर्षे धाकट्या आजीने ती पाळली.

त्या शब्दातील 'आदि'कडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. शस्त्राने मेलेले, आणि 'इत्यादी' : पाण्यात बुडालेले, विजेने, सर्पाने, विषाने, जनावराच्या शिंगाने, कड्यावरून पडून मेलेले. धर्मशास्त्राने या सर्वांना एकाच पंक्तीला बसवले आहे. आमचे धाकटे आजोबा या पंक्तीत बसले ते शस्त्राच्या हक्काने की 'आदि'च्या, हा प्रश्न आमच्या घरात बेचाळीस वर्षे कोणाला पडला नाही. तो आम्ही उपस्थित केला. करायला हवा होता का, हे अजून आमच्या मनाशी ठरलेले नाही.

देवणी आज लातूर जिल्ह्यातील एक तालुका आहे. तालुका झाला १९९९ साली. त्यापूर्वी ती उदगीर तालुक्यात होती, लातूर जिल्हा १९८२ चा, आणि त्याच्याही मागे गेले तर हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात मोडत असे. गावाचे नाव बाहेर कोणाला ठाऊक असेल तर ते जनावरांमुळे. वान्नेरा, बाळंक्या आणि शेवरा अशा तीन वाणांचा देवणी गोवंश पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहे, आणि आमच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी गाव माणसांपेक्षा बैलांचे वाटे. धाकटे आजोबा बैलजोड्या घेऊन सोलापूरच्या बाजाराला जात. १९४१ साली असेच गेले ते जोडी विकून पैसे सोबतच्या गड्याच्या हाती पाठवून दिले आणि स्वतः भरतीच्या कचेरीत शिरले. का गेले? घरात याची तीन उत्तरे होती : कर्ज, थोरल्या भावाशी भांडण, आणि बूट. तिसरे उत्तर धाकट्या आजीचे. "बुटाची लई हौस हुती," एवढेच ती सांगे. लग्नाला तेव्हा तीनेक वर्षे झाली होती, आणि ती पंधरा वर्षांची होती.

आजीच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचा एक फोटो होता. त्यात बूट आहेत. उजव्या दंडावर काळी पट्टी असून तिच्यावर दोन रोमन अक्षरे आहेत; ती लाल असतात हे आम्हांला पुढे वाचनातून कळले. लष्करी पोलिसाची ही खूण. हिंदी फौजेत या दलाचे पहिले पथक १९३९ साली चौथ्या डिव्हिजनसाठी उभे राहिले आणि युद्ध वाढले तसे दल वाढत गेले. गावाने मात्र त्या पट्टीचा आपल्या परीने अर्थ लावला : धाकटा फौजदार झाला! निजामी अमलात फौजदार म्हणजे काय चीज होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या बातमीने घराचा भाव किती चढला असेल हे सांगायला नको.

वस्तुतः लष्करी पोलिसाइतका निर्नायक शिपाई फौजेत दुसरा नसेल. तो खंदकात नसतो, हल्ल्यात नसतो. तो रस्त्याच्या तिठ्यावर उभा असतो. कोणती तुकडी आधी सोडायची, पुलावरून एका वेळी किती गाड्या जाऊ द्यायच्या, सुरुंग काढलेली वाट कोणती, हे तो हाताने दाखवतो. पकडलेले कैदी मागे नेतो, वाट चुकलेल्या शिपायांना पलटणीत पोचवतो, पळालेल्यांना पकडतो; त्यामुळे शिपायांचा त्याच्यावर राग असतो. आणि रात्री हे सारे अंधारात करायचे. शत्रूला दिसू नये म्हणून ताफ्यातील मालमोटारींचे पुढचे दिवे बंद ठेवीत. गाडीच्या मागच्या आसाचा गोळा पांढरा रंगवून त्यावर तळातून एक मिणमिणता दिवा सोडलेला असे. पाठीमागच्या चालकाने तेवढा पांढरा ठिपका पाहत यायचे. त्या चालकाला पुढच्या गाडीचा ठिपका दिसतो, वळणावर उभा असलेला माणूस दिसेलच असे नाही. युद्धाच्या सुरुवातीला दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदी फौज शेवटी पंचवीस लाखांवर गेली. त्यांत गावातून आलेली, मोटार आधी फक्त लांबून पाहिलेली किती पोरे चाकामागे बसवली गेली असतील, याची कल्पना करता येते.

पेटीत दोन कागद होते. एक इंग्रजीत टंकलेला, तीन ओळींचा. दुसरे पत्र त्यांच्या पथकातील जमादाराचे. ते रोमन लिपीतल्या हिंदुस्थानीत होते. फौजेने शिपायांसाठी तीच भाषा आणि तीच लिपी चालवली होती. १९४४ च्या दिवाळीनंतर हे कागद देवणीला आले तेव्हा गावात ते वाचू शकेल असा एकच माणूस होता, शाळेचे मास्तर. त्यांना उर्दू उत्तम येई, पण फारसी लिपीतली. रोमन अक्षरे ते लावीत लावीत वाचत. इंग्रजीच्या वाटेला ते गेलेच नाहीत. जमादाराच्या पत्रात एका जागी ते थांबले आणि म्हणाले, "हादसा झाला." ओसरीवर बसलेल्यांपैकी कोणी तरी विचारले, "म्हंजी?" मास्तरांनी क्षणभर विचार केला असावा. ते म्हणाले, "घात झाला."

या एका शब्दावर आमच्या घराची पुढची बेचाळीस वर्षे उभी राहिली. मास्तरांना दोष देण्यात अर्थ नाही. 'अपघात' हा शब्द त्यांना सुचला असता तरी त्याने फार फरक पडला नसता. 'हादसा' अरबीतून आला आहे. त्याच्या मूळ धातूचा अर्थ 'घडणे' एवढाच. जे घडले ते हादसा. इंग्रजी शब्दही लॅटिनमधल्या 'येऊन पडणे' या अर्थाच्या धातूवरून आलेला. दोन्ही शब्दांत कर्ता नाही. मराठीत मात्र आपण 'घात'पाशी येतो, आणि घात येतो 'हन्' धातूपासून : ठार मारणे. अप हा उपसर्ग लावून आपण त्याला थोडा बाजूला सारतो, इतकेच; मारणारा शब्दाच्या पोटात बसून राहतोच. विश्वासघात, घातपात, केसाने गळा कापणे ही सगळी सोयरीक त्या 'घात'च्या मागोमाग ओसरीवर आली. धाकट्या आजीने माजघरातून एवढेच ऐकले की आपल्या नवऱ्याचा घात झाला. घात झाला म्हणजे कोणी तरी केला.

कोणी, हे तिला माहीत नव्हते. पण तो होता. वर्षे जातील तसा तो तपशिलाने भरत गेला. तो सोबतचाच होता. त्याने दारूच्या नादात, किंवा पगाराच्या पैशासाठी, किंवा 'फौजदारा'च्या बढतीच्या मत्सराने हे केले. आम्ही शाळेत होतो तोवर त्याला एक डोळा बारीक असल्याचेही ती सांगू लागली होती. दर चतुर्दशीला पान मांडून झाले, कावळ्याला घास गेला, की ती उंबऱ्यावर उभी राही आणि दक्षिणेकडे तोंड करून त्या माणसाला शिव्याशाप देई. इटली दक्षिणेला नाही हे आम्ही तिला एकदा भूगोलाच्या पुस्तकातून दाखवले होते. ती म्हणाली, "यम दक्षिणंला हाय न्हवं?"

हे अडाणीपणाचे म्हणून हसून सोडावे असे कोणाला वाटेल, तर त्याने जरा आसपास पाहावे. १७९५ साली सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडले. तो तोल गेला की उडी होती, आणि उडी असली तर कोणाच्या जाचामुळे, यावर आपण अजून शाई खर्च करतो. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैपेईच्या विमानतळावर सुभाषबाबूंचे विमान कोसळले. स्वतंत्र देशाने त्यावर १९५६ साली शाहनवाज समिती नेमली, १९७० साली खोसला आयोग, १९९९ साली मुखर्जी आयोग. पहिल्या दोघांनी अपघात मान्य केला, तिसऱ्याने अमान्य केला, आणि २००६ मध्ये सरकारने तिसऱ्यालाच अमान्य केले. परदेशात, युद्धाच्या धामधुमीत, शत्रूच्या हातून नव्हे तर यंत्राच्या हातून आपला माणूस जातो हे राष्ट्राला पटत नाही; मग देवणीतल्या अठरा वर्षांच्या विधवेला का पटावे? तिचा आयोग एकसदस्य होता आणि त्याचे कामकाज वर्षातून एक दिवस चाले.

आमच्या घराबाहेर मात्र या मृत्यूची दखल कोणी घेतली नाही. सातारा, रत्नागिरीकडे गेलेल्या वाचकांनी गावोगावच्या चावडीत किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाट्या पाहिल्या असतील : या गावातून पहिल्या महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात गेले; गावाच्या नावालाच पुढे 'मिलिटरी' जोडले गेले. या पाट्यांवर कोण कसा मेला हे नसते. मेसोपोटेमियात गोळीने किती गेले आणि पटकी-हगवणीने किती, हे तो संगमरवर सांगत नाही, आणि गावानेही विचारले नाही. पण या पाट्या ब्रिटिश मुलखातल्या. मराठवाड्यात आम्ही बरीच भटकंती केली, तशी पाटी आम्हांला कोठे आढळली नाही.

निजामाच्या राज्याची स्वतःची फौज परदेशी गेली नाही असे नाही. दिल्लीच्या तीन मूर्तींतील एक मूर्ती हैदराबादच्या स्वारांची आहे. पण २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा घेतले ते जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी. हैदराबादचे पथक त्याच ब्रिगेडमध्ये असून त्या दौडीत नव्हते, त्यांच्याकडे कैद्यांची ने-आण होती असे सांगतात. दुसऱ्या युद्धात निजामाच्या पायदळाची पहिली पलटण मलायात गेली, तीही कोटा बारूच्या विमानतळाची राखण करायला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा किनाऱ्यावर उतरल्या, आणि विमानतळ सोडण्याच्या गोंधळात त्या पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल हेंड्रिक्स आपल्याच शिपायांच्या हातून मारले गेले. राखण, पहारा, कैदी : आमच्या मुलखाच्या वाट्याला युद्धाची ही पाठ आली. (इंग्रजी फौजेत 'एकोणिसावी हैदराबाद' नावाची एक नामांकित रेजिमेंट होती, पण तिच्यात हैदराबादचे माणूस औषधालाही नव्हते, कुमाऊंचे, जाट आणि अहीर होते. १९४५ साली तिचे नाव बदलून कुमाऊं केले ते योग्यच झाले.)

मग आला सप्टेंबर १९४८. पोलीस कारवाई झाली, रझाकारी संपली, आणि मराठवाड्याला त्याचे स्वतःचे युद्ध व स्वतःचे हुतात्मे मिळाले. १७ सप्टेंबरला ध्वजारोहण होते, नावे वाचली जातात, आणि ती वाचली जायलाच हवीत. पण इंग्रजाचा पगार घेऊन परमुलखात मेलेला माणूस त्या यादीत बसत नाही. म्हणजे साताऱ्याची पाटी नाही, निजामाची मूर्ती नाही, मुक्तिसंग्रामाची यादी नाही. उरली पंचांगातली चतुर्दशी.

इटलीने दोन मराठी माणसांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तेथेच पडले, वय बावीस. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना ओढून आणले; ते जगले आणि १९८४ साली वारले. घाडग्यांचा पुतळा माणगावात आहे, आणि इटलीतील मोंतोने या गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली. आमचे धाकटे आजोबा घाडग्यांनंतर तीन महिन्यांनी गेले. घाडग्यांची पलटण पुढे सरकली तेव्हा कोणत्या तरी तिठ्यावर तिच्या गाड्यांना कोणी तरी हात दाखवला असेलच. तो हात आमच्या घरातला होता असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो.

घाडग्यांचे नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचा नियम असा, की ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत जो नोकरीत असताना मेला त्याचे स्मरण केले जाईल, मग तो गोळीने मरो, तापाने मरो, की मालमोटारीखाली. नोंदीत नाव, नंबर, पथक, तारीख, कधी वडिलांचे वा बायकोचे नाव आणि गाव. मृत्यूचे कारण सहसा नाही. शस्त्रादिहत म्हणा! अर्थात या समतेचा फार गौरव करायला नको. पहिल्या महायुद्धातल्या हजारो हिंदी शिपायांची बसऱ्याच्या स्मारकावर नावेही कोरली नव्हती, नुसती संख्या होती. आयोगाने २०२१ च्या आपल्याच अहवालात ही विषमता कबूल केली. मरणाच्या प्रकारात भेद न करणाऱ्यांनी कातडीच्या रंगात केला.

आपल्याकडचा व्यवहार वेगळा. सैन्य 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' असे दोन रकाने ठेवते, आणि कोणत्या रकान्यात नाव गेले यावर घरच्यांना मिळणारा पैसा ठरतो. 'शहीद' हा शब्द सरकारी परिभाषेत नाहीच, असे संरक्षण व गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितले. गावातील कमानीवर मात्र तोच शब्द असतो. त्यात गावाचे काय चुकते, असे आम्हांला पुष्कळदा वाटते.

आमचा धंदा साहित्य शिकवण्याचा, म्हणून एक गोष्ट येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. लढाईतल्या मृत्यूसाठी मराठीचा शब्दसंग्रह मोठा आहे : कामी येणे, धारातीर्थी पडणे, रणी पडणे, देह ठेवणे, वीरगती. रस्त्यावर उभा असताना चिरडल्या गेलेल्या शिपायासाठी यांतला एकही चालत नाही. उदगीरची लढाई जिंकून भाऊसाहेब त्याच वर्षी उत्तरेकडे गेले. पानिपतानंतर दक्षिणेत आलेल्या त्या प्रसिद्ध सावकारी चिठ्ठीत थोरांचा हिशेब मोती आणि मोहरांत आहे, बाकीचे खुर्दा. विश्राम बेडेकरांनी १९३९ साली कादंबरीला 'रणांगण' नाव दिले आणि सारी कथा एका आगबोटीवर घडवली. एकही गोळी न सुटता त्यात हॅर्टा जाते. ही वाट मराठी गद्याला तेव्हा सापडली होती, पुढे ती फारशी कोणी चालले नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये अपस्माराने गेले, गोळीने नव्हे. तरी १९४६ मध्ये शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला, कारण मरण जरी तसे असले तरी जगण्यात कथा होती. हात दाखवत उभे राहण्यात कथा कोठून आणायची? महाभारतकाराला हे अवघड गेले नाही. अठरा दिवस युद्ध करवून त्याने कृष्णाला शेवटी एका व्याधाच्या चुकलेल्या नेमाने मारले. जरा व्याध धावत येतो, पाहतो, आणि त्याच्या पायांखालची जमीन सरकते. मौसलपर्व आम्ही वर्गात शिकवले आहे, आणि शिकवताना दर वेळी आमचा डोळा कृष्णावरच राहिला. जराकडे वळला नाही.

तो वळवला धाकट्या आजीने.

१९८६ च्या मे महिन्यात आम्ही नुकतीच लागलेली नोकरी घेऊन सुटीवर देवणीला गेलो होतो. पेटीला वाळवी लागली म्हणून आजीने ती अंगणात रिकामी केली, आणि ते दोन कागद आमच्या हाती आले. इंग्रजीच्या तीन ओळी वाचायला तीन क्षण पुरले : कामावर असताना, वाहनाच्या अपघातात. मग जमादाराचे पत्र. रात्र, पाऊस, पुलाअलीकडचे वळण; आपल्याच ताफ्यातील मालमोटार चिखलात घसरली आणि वळणावर उभा असलेल्या माणसावर आली; 'हादसा' हा शब्द रोमन अक्षरांत; चालक रात्रभर त्यांच्याजवळ बसून होता हे एक वाक्य. नव्या शिक्षकाला सत्य हाती लागले की ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. आम्ही अंगणातच सांगितले. घात नव्हता, अपघात होता. कोणी काही केलेले नाही. 'अप' या उपसर्गाचा अर्थही बहुधा सांगितला, तो आठवला की आजही कानकोंडे होते.

आजीने कागद मागून घेतले. घडी घालताना म्हणाली, "मास्तर तर म्हणले हुते घात झाला."

"मास्तरांना नीट वाचता आलं नसेल गं."

"आन् तुला आलं." यात प्रश्नचिन्ह नव्हते. थोड्या वेळाने म्हणाली, "वाचायला कुणी सांगितलं हुतं तुला?"

नंतरचे चार दिवस ती आमच्याशी बोलली नाही. थोरल्या आजीने आम्हांला परड्यात बोलावून जे सुनावले ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्याचा मथितार्थ असा, की तिच्यापाशी नवऱ्याचे म्हणून एवढेच उरले होते, तो बारीक डोळ्याचा माणूस, आणि तोही तू नेलास. आम्ही तिला शत्रूच्या ओझ्यातून सोडवले असे समजत होतो. त्या वर्षीच्या चतुर्दशीला आम्ही मुद्दाम रजा काढून गेलो. पान मांडले, घास गेला. उंबऱ्यावर ती सवयीने उभी राहिली, दक्षिणेकडे तोंडही केले. शिव्या आल्या नाहीत. काही वेळ उभी राहून ती आत जाऊन भांडी घासू लागली.

सात वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे झोपली होती. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील जवळजवळ दहा हजार माणसे गेली. देवणीत भिंतींना तडे गेले, आमचे घर वाचले. पितृपंधरवडा लगेच लागला, आणि त्या चतुर्दशीला आमच्याकडे किल्लारीच्या बाजूचे एक सोयरे आले होते, ज्यांच्या घरातले चौघे मातीखाली गेले. ते सारखे म्हणत होते, कोणाचे पाप, कोणी काय केले होते आम्ही. धाकटी आजी त्यांना वाढता वाढता म्हणाली, "कुणी न्हाई केलं, बाबा. घडलं." 'हादसा'चे इतके नेमके मराठी आम्हांला कोणत्याही कोशात सापडलेले नाही. पण ती समजावत होती की स्वतःला पुन्हा ऐकवत होती, ते आम्ही विचारले नाही. विचारण्याचा धडा एकदा मिळाला होता.

ती १९९८ साली गेली. पुढे इंटरनेट आले तेव्हा युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आम्ही नाव शोधून पाहिले. मराठी नाव रोमन अक्षरांत चार प्रकारे लिहिता येते, आडनाव फौजेत बहुधा गळतेच, आणि आमच्या गावाचे जुने इंग्रजी स्पेलिंग असे की ते 'देओनी' वाचले जाते. जुळणाऱ्या नोंदी सापडल्या, त्यांतली आमची कोणती हे काही ठरेना. ते फार मनाला लागले असे नाही.

लागले ते वेगळेच. तिच्या अखेरच्या आजारात आम्ही उशाशी बसलो होतो. दुपारची वेळ होती, बाहेर बाजाराचा दिवस असल्याने बैलांचे हंबरणे ऐकू येत होते. ती डोळे मिटूनच म्हणाली, "त्या कागदात डायवरचं नाव हाय का?"

"नाही."

"रातभर बसला म्हणला हुतास."

"हो. तसं लिहिलंय."

बऱ्याच वेळाने तिने विचारले, "लेकरंबाळं असतील का त्याला?"

आम्ही पेटीतून ते पत्र पुन्हा काढले आणि तिच्या समाधानासाठी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवले. चालकाचे नाव, गाव, काही नव्हते. ती ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने हात पुढे केला. आम्ही पत्र तिच्या हाती दिले आणि ते तिने उशाखाली सरकवले.